‘फ्रेझर’: दोन तोरेबाज भाऊ आणि एक फाटकी आरामखुर्ची

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘फ्रेझर’ या अमेरिकी विनोदी मालिकेची ख्याती ऐकून आपण तिचे सहा भाग पाहिले. वाइन, ऑपेरा आणि मनोविश्लेषण यांवर अखंड बोलणारे दोन सुखवस्तू, तोरेबाज भाऊ दिसले. निम्मे संदर्भ डोक्यावरून गेले. आणि ज्या ‘चीअर्स’ मालिकेतून ही मालिका निघाली ती तर आपण पाहिलेलीच नाही. मग हिला अमेरिकी दूरचित्रवाणीचे ३७ एमी पुरस्कार कशासाठी मिळाले, लोक ती इतक्या वर्षांनंतरही पुनःपुन्हा का पाहतात, आणि उणीव आपल्या आकलनात आहे की मालिकेत, असे आपण विचारले आहे.

मी बावीस वर्षे मराठी रंगभूमीसाठी आणि दूरचित्रवाणीसाठी विनोदी लेखन करते आहे, आणि संवादलेखनाच्या कार्यशाळांत या मालिकेचे काही भाग थांबवून-थांबवून दाखवत आले आहे. त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नसून कारागिराचे आहे, हे आधी सांगते. आपण कोणते सहा भाग पाहिले, सलग पाहिले की जेवता-जेवता, आणि आपल्या घरात वडीलधारे माणूस राहते का, यावरही बरेच काही अवलंबून आहे. शेवटची अट आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

आपला खरा प्रश्न मला संदर्भांचा वाटत नाही. ज्यांच्याशी आपले काहीच जुळत नाही अशा दोन माणसांच्या सुखदुःखात प्रेक्षकाने का गुंतावे, हा तो प्रश्न आहे. तो मालिकेच्या निर्मात्यांपुढेही होता, आणि त्यांनी तो ज्या रीतीने सोडवला त्यातच या मालिकेचे आकर्षण आहे.

फ्रेझर क्रेन हे पात्र ‘चीअर्स’मध्ये १९८४ साली, तिसऱ्या पर्वात आले. बॉस्टनमधल्या एका बारमध्ये जमणाऱ्या साध्यासुध्या माणसांत हा एकटा उच्चभ्रू मनोविकारतज्ज्ञ. थोड्या भागांपुरतेच योजलेले हे पात्र ती मालिका १९९३ साली संपेपर्यंत टिकले. तिथे त्याचे काम ठरलेले होते: तो काहीतरी भारदस्त बोलणार, बाकीचे त्याची हवा काढणार. दुय्यम पात्राचे सुख हेच असते. कथेचा भार इतरांच्या खांद्यावर असतो आणि याने फक्त येऊन हशा घेऊन जायचे असते.

अशा पात्राला उचलून स्वतंत्र मालिका दिली की काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. आमच्या एका मालिकेत नाक खुपसणारी एक शेजारीण होती. ती दारातून डोकावली तरी हशा येत असे. वाहिनीने तिच्यावर स्वतंत्र मालिका काढायचे ठरवले, लेखन माझ्याकडे आले, आणि तीन महिन्यांत ती मालिका बंद पडली. कारण मला फार उशिरा कळले. नाक खुपसायला तिला दुसऱ्याचे घर हवे होते. तिला तिच्याच घरात, मध्यभागी बसवल्यावर खुपसायला जागाच उरली नाही, आणि आम्ही तिला मग समजूतदार, प्रेमळ, अन्याय सोसणारी करत गेलो. खुद्द ‘चीअर्स’मधूनही १९८७ साली ‘द टॉर्टेलीज’ नावाची मालिका काढली गेली होती. ती तेरा भागांत आटोपली. ‘फ्रेंड्स’मधल्या जोईला २००४ साली स्वतःची मालिका मिळाली आणि दोन पर्वांत संपली. त्याउलट ‘फ्रेझर’ १६ सप्टेंबर १९९३ रोजी सुरू होऊन १३ मे २००४ रोजी संपली. अकरा पर्वे, २६४ भाग. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी तिला १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे मिळाला, आणि एकूण ३७ एमींचा तिचा विक्रम २०१६ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने मोडेपर्यंत कोणत्याही कथामालिकेला गाठता आला नव्हता.

डेव्हिड एंजेल, पीटर केसी आणि डेव्हिड ली हे तिघे निर्माते ‘चीअर्स’मध्येच घडलेले होते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नायकाला देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलला नेऊन ठेवले. जुनी पात्रे दर आठवड्याला दारात उभी करावीत असा आग्रह वाहिनीला सहज धरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. बार गेला, मित्र गेले, बायको लिलिथ घटस्फोटानंतर मागे राहिली. आता तो आकाशवाणीवर श्रोत्यांच्या मानसिक तक्रारी ऐकून सल्ला देतो. ज्याला कोणी ऐकून घेत नव्हते त्याला आता अख्खे शहर ऐकते, आणि त्याचे स्वतःचे घर मात्र ऐकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक हुशारीची. ‘चीअर्स’मध्ये साधी माणसे भोवती होती आणि तो पाहुणा होता, इथे ते साधेपण त्याच्या घरात राहायला आले, आणि त्याला ‘जा’ म्हणण्याची सोय नाही, कारण तो त्याचा बाप आहे. मार्टिन क्रेन हा सिएटल पोलिसांतून निवृत्त झालेला, कमरेत गोळी लागून काठी घेऊन चालणारा माणूस. बिअर, बेसबॉल आणि एडी नावाचा कुत्रा एवढे त्याचे जग. पहिल्याच भागात तो सामानासकट मुलाच्या आलिशान फ्लॅटमध्ये येतो, आणि त्या नामवंत रचनाकारांच्या खुर्च्या-सोफ्यांच्या मधोमध त्याची विटक्या हिरवट कापडाची, चिकटपट्ट्या लावलेली आरामखुर्ची येऊन बसते. ती अकरा वर्षे तिथेच राहते. दृश्यात कोणी काही बोलत नसले तरी ती खुर्ची बोलत असते. आमच्या कार्यशाळेत मी मुलांना सांगते की संघर्षाचे संवाद लिहिण्याआधी संघर्षाची वस्तू शोधा. ती सापडली की निम्मे काम झाले.

याच खुर्चीवर पहिल्या पर्वात एक संपूर्ण भाग आहे. फ्रेझर ती काढून नवी, महागडी खुर्ची आणतो. आपण मुलावर हसत असतो. आणि मग मार्टिन शांतपणे सांगतो की चंद्रावर माणसाने पाऊल ठेवले ते त्याने याच खुर्चीत बसून पाहिले, नातू झाल्याचा फोन आला तेव्हा तो याच खुर्चीत होता, आणि टीव्हीसमोर झोप लागल्यावर त्याची बायको त्याला इथेच येऊन उठवत असे. बायको आता नाही. एवढे झाल्यावर ती कुरूप खुर्ची आपल्याला पुन्हा नुसती कुरूप दिसत नाही. मराठी घरांत आईवडील मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले की सोबत येणारे पितळी डबे, जुनी पेटी, आजोबांची काठी, आणि त्यांना कुठे ठेवायचे यावरून होणारी धुसफूस ज्याने पाहिली आहे, त्याला सिएटल मुळीच दूर नाही. म्हणून मी आरंभी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी विचारले.

तिसरी गोष्ट म्हणजे नाइल्स, फ्रेझरचा धाकटा भाऊ. तो मूळ आराखड्यात नव्हताच. पात्रनिवडीच्या विभागातल्या एका सहायिकेने डेव्हिड हाइड पिअर्स या नटाचा फोटो दाखवून हा तरुणपणीच्या केल्सी ग्रामरसारखा, म्हणजे फ्रेझर साकारणाऱ्या नटासारखा, दिसतो असे सुचवले, आणि त्यातून हा भाऊ जन्मला. आता रचना पाहा. फ्रेझरचा तोरा ही ‘चीअर्स’मध्ये हास्याची परिसीमा होती. इथे त्याहूनही तोरेबाज, खुर्चीवर बसण्याआधी ती रुमालाने पुसणारा माणूस त्याच्या शेजारी उभा केला, आणि दुसऱ्या बाजूला बापाचा रोखठोकपणा. त्यामुळे फ्रेझर आपोआप मध्यावर आला. तो भावाकडे पाहून शरमतो आणि बापाकडे पाहूनही शरमतो. त्याला एका अक्षरानेही गोड न करता, आहे तसा ठेवून, लेखकांनी त्याला नायक केले. माझ्या शेजारीणबाईंना याची गरज होती: तिच्याहून दुप्पट नाक खुपसणारी एक नणंद. ही अक्कल मला दहा वर्षे उशिरा आली.

नाइल्सची बायको मॅरिस ही कधीच पडद्यावर दिसत नाही. तिच्या वर्णनांतून ती इतकी अशक्य कृश आणि अशक्य विचित्र होत गेली की कोणतीही नटी ती भूमिका करू शकली नसती. न दिसणारे पात्र लिहिणे सोपे वाटते, पण दर वेळी नवे वर्णन हवे आणि आधीच्याला धक्का लागता कामा नये. ही शिस्त वर्षानुवर्षे सांभाळणे लेखकांच्या चमूला फार जड जाते.

आता संदर्भांविषयी. आपल्याला ऑपेरातले काही कळत नाही, म्हणून विनोद निसटतो, अशी आपली समजूत आहे. मलाही ऑपेरातले कळत नाही. विनोद त्या नावात नसतो. समोरच्यावर छाप पडावी म्हणून ते नाव घेण्याची जी घाई असते, तिच्यात असतो. दुसऱ्या पर्वातला एक भाग घ्या. दोघे भाऊ एक जुने, डबघाईला आलेले रेस्तराँ विकत घेतात, त्याला फ्रेंचमध्ये ‘सुखी बंधू’ अशा अर्थाचे नाव देतात, आणि पहिल्याच रात्री त्याचा पुरता निकाल लावतात. स्वयंपाकघरात मार्टिनची शुश्रूषा करायला घरात राहणाऱ्या डॅफ्नीला जिवंत ईल माशांचा समाचार घ्यावा लागतो, पदार्थ पेटतात, छतातून पाणी कोसळते, आणि मोटार भिंत फोडून आत येते. इथे फ्रेंच पाककृतींचे ज्ञान कुणाला हवे आहे? हौशी माणसाने धंद्यात पडून हात पोळून घेणे ही गोष्ट आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. संदर्भ कळला तर हास्य किंचित वाढते. न कळला तरी वाक्याचा ताल आणि चेहरा पुरेसा असतो, कारण बहुतेक वेळा लेखक पुढच्याच ओळीत मार्टिनकडून आपल्या मनातला प्रश्न विचारून घेतात. तो आपला प्रतिनिधी आहे. मात्र लेखक प्रेक्षकासाठी थांबून अर्थ सांगत नाहीत, आणि याचे मला सर्वांत अप्रूप वाटते. आमच्याकडे विनोद झाल्यावर तो समजावणारे एक वाक्य आणि वर एक ढोलकीचा आवाज घालण्याचा आग्रह धरला जातो.

पण मला खरोखर जिथे थांबावेसे वाटते ते या मालिकेचे फार्सचे भाग. बबन प्रभू यांच्या फार्सवर ज्यांचे कान आणि डोळे तयार झाले आहेत, त्या मराठी प्रेक्षकाला ते अनोळखी वाटू नयेत. १९९८ सालचा, पाचव्या पर्वातला, बर्फातल्या लॉजचा भाग मी निदान तीस वेळा दाखवला असेल. तो जो केनन यांनी लिहिला आहे. एका रात्रीसाठी सहा माणसे एका छताखाली: फ्रेझर, नाइल्स, मार्टिन, डॅफ्नी, तिची मैत्रीण ॲनी, आणि गी नावाचा फ्रेंच स्कीइंग-शिक्षक. फ्रेझरला ॲनी हवी आहे, ॲनीला नाइल्स, नाइल्सला डॅफ्नी, डॅफ्नीला गी, आणि गीला नाइल्स. मार्टिनच्या कानांना दडे बसले आहेत, त्यामुळे तो चुकीचे ऐकतो आणि चुकीचे निरोप पोहोचवतो. मग रात्र होते आणि दारे उघडू-मिटू लागतात.

हे लिहून दाखवले तर गणितासारखे वाटते, आणि ते गणितच आहे. मी फळ्यावर सहा नावे लिहून बाण काढायला लावते. बाण काढून झाल्यावर एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो की फ्रेझरकडे एकही बाण येत नाही. तोच त्या भागाचा शेवटचा हशा आहे: सगळा उलगडा झाल्यावर फ्रेझरच्या लक्षात येते की इतकी वासना या घरात रात्रभर फिरत असताना आपल्यामागे कोणीच लागले नव्हते. म्हणजे वीस मिनिटे ज्या यंत्रावर आपण हसत होतो त्याचे फळ नायकाच्या अहंकाराला लागलेली एक बारीक ठेच आहे. नुसत्या दारांच्या उघडझापीने फार्स होतो. त्यातून स्वभाव बाहेर काढणे ही कारागिरी. आणि प्रत्येक गैरसमजाच्या मुळाशी खोटेपणा असतोच असे नाही. कधी भिडस्तपणा असतो, कधी शिष्टाचार, कधी आपण चुकलो हे कबूल न करण्याचा हट्ट. या माणसांना सभ्यतेचा एवढा सोस आहे की सरळ ‘नाही’ म्हणणे त्यांना जमत नाही, म्हणून तर फार्स होतो.

याच्या अगदी उलट टोकाला सहाव्या पर्वातला, १९९९ सालच्या व्हॅलेंटाइन दिवसाचा भाग आहे. त्याच्या आरंभी नाइल्स भावाच्या घरी एकटाच एका स्त्रीची वाट पाहत बसलेला असतो. पँटची घडी नीट दिसत नाही म्हणून तो इस्त्री मांडतो. एक सुटा धागा कापायला जातो. बोट कापून घेतो. रक्त दिसताच भोवळ येऊन पडतो. आणि शेवटी सोफ्याला आग लागते. या प्रसंगाला संवाद जवळपास नाहीतच. प्रेक्षक म्हणून काय तो एडी कुत्रा. इंग्रजी येवो न येवो, हा प्रसंग कोणालाही दाखवावा. जिच्यावर अतिशब्दाळपणाचा आरोप होतो त्या मालिकेने हे करून दाखवले, हे विशेष.

ही मालिका स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे आणि तिचा जीव नाटकाचा आहे. दृश्ये लांब असतात. दोन दृश्यांच्या मध्ये काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एखादे मिस्कील शीर्षक येते. उगीच रस्त्यांची, इमारतींची दृश्ये नाहीत. मार्टिन झालेले जॉन महोनी आणि नाइल्स झालेले पिअर्स दोघेही रंगभूमीवरचे. हशा पिकत असताना पुढचे वाक्य धरून ठेवणे आणि त्या अवधीत चेहऱ्याने काहीतरी करत राहणे, हे ज्यांनी प्रयोग केले आहेत त्यांनाच साधते. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग कॅफेतल्या टेबलांवर, घड्याळाच्या काट्याबरोबर घडतो. आरंभी नाइल्स भावाला विचारतो, तू सुखी आहेस का? उत्तर भागाच्या अखेरीस येते. मध्ये सगळे येऊन भांडून जातात.

दोष नाहीत असे नाही, आणि तेही सांगितले पाहिजेत. नाइल्सचे डॅफ्नीवरचे अव्यक्त प्रेम सात पर्वे ताणले गेले आणि २००० साली ती दोघे एकत्र आली. त्यानंतर बराच काळ मालिका जड झाली, कारण नाइल्सची अर्धी विनोदशक्ती त्या न सांगता येण्यातच होती. डॅफ्नी साकारणाऱ्या जेन लीव्ह्जच्या गरोदरपणामुळे डॅफ्नीचे वजन वाढल्याचे दाखवून केलेले विनोद आज पाहवत नाहीत. नाइल्सचे तिच्या केसांचा वास घेणे वगैरेही आजच्या नजरेला खटकते, आणि खटकावे. शिवाय डॅफ्नी मँचेस्टरची असूनही तिचे बोलणे तिथले वाटत नाही, अशी तक्रार इंग्रज प्रेक्षक करत आले आहेत. गंमत अशी की ज्याचे बालपण खरोखर मँचेस्टरच्या परिसरात गेले ते महोनी इथे अस्सल अमेरिकी बाप झाले आहेत. शेवटच्या पर्वासाठी जुने लेखक परतले आणि गाडी बरीचशी रुळावर आली.

आपल्या एका उपप्रश्नाचे उत्तर राहिले: आधी ‘चीअर्स’ पाहावी लागते का? नाही. एकच गोष्ट माहीत असू द्या. तिथे फ्रेझरने आपला बाप वारला असल्याचे आणि तो शास्त्रज्ञ असल्याचे सांगितले होते. नव्या मालिकेत जिवंत, पोलिसातला बाप आला, तेव्हा ही विसंगती लेखकांनी झाकली नाही. दुसऱ्या पर्वात जुना मित्र सॅम सिएटलला येतो, मार्टिनला पाहून चकित होतो, आणि फ्रेझरला बापासमोर कबूल करावे लागते की तेव्हा आमचे भांडण झाले होते आणि रागाच्या भरात मी तसे बोललो. लेखनातली चूक अशा रीतीने स्वभावाचा भाग झाली. २०२३ साली आलेली नवी ‘फ्रेझर’ मालिका, जिच्यात फ्रेझर बॉस्टनला परततो, ती आत्ताच पाहू नका. महोनी २०१८ साली वारले आणि त्यांच्याविना तो तोल पुन्हा साधणे अवघड होते.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्यापासून क्रमाने न जाता आधी पहिला भाग, मग खुर्चीचा, मग रेस्तराँचा, आणि त्यानंतर लॉजचा पाहावा. पहिला भाग आपण कदाचित पाहिलाही असेल. तरी पुन्हा पाहा. घरात कडाक्याचे भांडण झाल्यावर, ज्या बापाला समोरासमोर आभार मानता येत नाहीत तो मुलाच्या कार्यक्रमाला श्रोता म्हणून फोन करतो आणि सगळ्या शहराच्या देखत, जणू परक्याशी बोलावे तसे, ते मुलाला ऐकवतो. हे चार भाग पाहूनही मन लागले नाही तर निःशंकपणे सोडून द्या, आकलनाची शंका न घेता. आणि लागले, तर अगदी शेवटचा भाग राखून ठेवा. त्यात मार्टिन पुन्हा लग्न करून घर सोडतो, डॅफ्नी आणि नाइल्स यांना मुलगा होतो आणि त्याचे नाव डेव्हिड ठेवले जाते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानात पत्नीसह मृत्यू पावलेल्या डेव्हिड एंजेल यांचे ते नाव आहे. त्याच भागात ती खुर्चीही घराबाहेर जाते.